एकशे अकरा किलोमीटर

पुणे,
२२ मे २०१६

ती. काकांना शि. सा. नमस्कार,

सहलीचं सविस्तर पत्र येईल म्हणून आठ दिवस पेटी उघडून बघतेय आणि तुमचा पत्ता नाही. पंचाहत्तरी झाली म्हणून आळस करायची मुभा मिळत नाही, सांगून ठेवते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आपलं हे पत्रांचं सुरू झालं. आता बँकेत सगळे मला हसतात की या बाईकडे अजून पोस्टमन येतो. हसू देत. बाबा गेल्यापासून घरातल्या मोठ्या माणसाचं म्हणून तेवढंच एक अक्षर माझ्याकडे येतं.

खुलताबादला गर्दी होती का? पैठणला काकूला नाथांचं दर्शन नीट झालं का? धरणात पाणीच उरलं नाही असं इथल्या पेपरात रोज येतंय. तुम्ही पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी केलीत, तुम्हाला ते बघून कसं वाटलं असेल, असं सारखं मनात येत होतं.

आता एक कटकट. क्रांती चौकातल्या ज्या कंपनीची गाडी मी करून दिली होती, तिचे पैसे मी इथूनच आधी भरले होते. दोन दिवस, अडीचशे किलोमीटर, ड्रायव्हरसकट. वर पाच हजार अनामत माझ्या कार्डावर अडकवून ठेवले होते, ते परत यायचे होते. परत आले अठराशे सात. बाकीचे तीन हजार एकशे त्र्याण्णव त्यांनी कापून घेतले. विचारलं तर म्हणे, एकशे अकरा किलोमीटर जादा झाले, ड्रायव्हरचा रात्रपाळीचा भत्ता आणि मागची सीट धुण्याचे पंधराशे. सीट धुण्याचे! तुम्ही दोघं गाडीत भजी तळत होतात का?

पैशाचं जाऊ द्या. पण आधी पैसे भरून घ्यायचे आणि मग म्हाताऱ्या माणसांच्या नावावर वाट्टेल ते लावायचं, याची मला चीड येते. मी हे सोडणार नाही. तुम्ही कुठं कुठं गेलात, किती वाजता घरी आलात, एवढंच मला कळवा. बाकीचं भांडण माझं.

काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी ठरतंय? तिला चार ओळी लिहायला सांगा.

माया आहेच, ती कमी करू नका.

तुमची
हिमानी

*

समर्थनगर, औरंगाबाद,
२६ मे २०१६

चि. हिमानीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. उभयतांची सहल चांगली झाली. खुलताबादला पहाटेच निघालो म्हणून उन्हाचा त्रास झाला नाही. पैठणला दर्शन झाले. धरण पाहिले. पाणी इतके मागे गेले आहे की जिथे आम्ही साहेबांबरोबर नावेत बसायचो तिथे आता मेंढरे बसली आहेत. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

इथे नळाला चौथ्या दिवशी पाणी येते. त्याला वेळ नाही. कधी दुपारी, कधी रात्री. तुझी काकू त्या दिवशी घर सोडत नाही.

गाडीच्या बाबतीत तू लिहिलेस ते वाचून आश्चर्य वाटले. आम्ही ठरल्याप्रमाणे दोनच ठिकाणी गेलो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी सातच्या सुमारास घरी आलो. त्यापुढे गाडी कुठे गेली हे चालकाला विचारावे. तू तोंडी भांडू नकोस. तोंडी भांडणाला पुरावा राहत नाही. मी कंपनीच्या मालकांच्या नावे अर्ज तयार केला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या सहीने आहे. तू फक्त पुढे पाठव. त्यातला मुख्य परिच्छेद तुझ्या माहितीसाठी इथे उतरवतो:

‘सदर वाहनाचा चालक कडुबा याने प्रवासात वीस लिटरचा पाण्याचा कॅन मालकाच्या परवानगीवाचून, स्वतःच्या घरगुती वापरासाठी वाहनातून नेला. तो कॅन सांडून मागील आसन भिजले असणे शक्य आहे. तसेच आम्हांस घरी सोडल्यानंतर सदर चालकाने वाहन खासगी कामासाठी फिरविले असावे. या जादा अंतराचा व धुलाईचा बोजा ग्राहकावर टाकणे न्यायास धरून नाही.’

एवढे पुरेसे होईल. माझ्या मसुद्यावर वरिष्ठांनी सहसा शेरा मारलेला नाही.

प्रकृती बरी आहे. पावसाची चिन्हे नाहीत. जपून राहावे आणि पत्र पाठवीत जावे.

तुझा
श्रीधरकाका

ता. क. – हिमानी, काकूचा आशीर्वाद. मी जास्त काही लिहीत नाही. डोळा दुखतो. – प्रमोदिनी

*

पुणे,
६ जून २०१६

ती. काकांना शि. सा. नमस्कार,

जिंकलो! तुमचा अर्ज स्कॅन करून मेलनं पाठवला आणि पाचव्या दिवशी सगळे पैसे कार्डावर परत आले. वर मालकांचा माफीचा फोन. म्हणाले, असा अर्ज आमच्याकडे आजवर आला नव्हता, वाचताना उभं राहावंसं वाटलं. मी म्हटलं, आमचे काका हेडक्लार्क होते, अजून आहेत. मी बँकेतल्या सगळ्यांना तो परिच्छेद वाचून दाखवला. तुमच्या त्या ‘असणे शक्य आहे’वर आमचे वकीलसाहेबसुद्धा खूश झाले.

त्यांच्या साइटवर मीही चार शब्द चांगले सुनावले. एकच तारा दिला, आणि ड्रायव्हरचं नाव घालून.

त्याला त्यांनी कामावरून काढलं. धुलाईचे आणि जादा किलोमीटरचे त्याच्या पगारातून कापले. हे ऐकून मला थोडं कसंतरी झालं, खरं सांगते. मला पैसे परत हवे होते, कुणाची नोकरी जावी असं नव्हतं वाटत. मालक म्हणाले, त्याला दोनदा समोर बसवून विचारलं, कॅन तुझा का? हो म्हणाला. सांडला का? मान खाली घालून म्हणाला, साहेबांनी लिहिलंय ना, मग तसंच असंल. गाडी रात्री कुठं फिरवली? त्यावर गप्प. गप्प राहिला म्हणजे कबूलच, असं मालकांचं म्हणणं. मलाही ते पटलं. निरपराध माणूस गप्प कशाला बसेल?

काकूचा डोळा बरा आहे का? तिच्या दोन ओळी इतक्या कोरड्या होत्या की मला वाटलं माझ्यावर रागावलीय.

असाच जीव लावत राहा.

हिमानी

*

समर्थनगर,
१२ जून

चि. हिमानी, काकूचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या काकांना न सांगता लिहितेय. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, त्यांच्यापासून लपवून लिहिलेलं हे पहिलंच. फोन करता आला असता, त्यांना ऐकू येत नाही, बाजूला बसून बोलले असते तरी कळलं नसतं. पण हे बोलायला माझी जीभ उचलत नाही. लिहिणं जमेल असं वाटतंय.

तो ड्रायव्हर निरपराध होता.

फेब्रुवारीत तुझ्या काकांचं ते प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, ते तुला माहीत आहे. तेव्हापासून लघवीचा ताबा राहत नाही. घरात असले की निभावतं. पैठणहून निघालो तेव्हा तीन वाजले असतील. पुढं रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. दोन्ही बाजूंना खडी टाकणाऱ्या बायका, मध्ये गाड्यांची रांग. मला त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी म्हटलं, थांबवायला सांगू का? तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. परक्या माणसासमोर, बायकांच्या घोळक्यात, कसं सांगायचं. नाही धरवलं त्यांना. पांढरा पायजमा, गाडीची सीट, सगळं.

कडुबा आरशात बघत होता. रांग सुटल्यावर गाडी पाचोडच्या रस्त्याला घेतली, एका ढाब्यावर थांबवली आणि बादलीभर पाणी मागितलं. ढाबेवाला म्हणाला, टँकरचं पाणी आहे, प्यायला देतो, धुवायला देणार नाही. मग कडुबानं पुढं एका लिंबाखाली गाडी लावली आणि डिकीतला कॅन काढला. कडुबाच्या जटवाड्याकडच्या वस्तीत नळ नाही. पैठणला ओळखीच्या पंपावरून घरासाठी भरून घेतला होता. तो अख्खा कॅन त्यानं तुझ्या काकांच्या पायांवर ओतला. स्वतःची लुंगी दिली. मला म्हणाला, काकू, तुमी तिकडं शेळ्या बघा जरा, मी करतो साहेबांचं. मी शेळ्या बघत उभी राहिले.

पायजमा पिळून त्यानं खिडकीत धरायला मला दिला. काच खाली, आणि आमचं ते निशाण फडफडतंय. काका म्हणाले, आता टोलनाका आला तर आपल्याला मंत्र्याची गाडी समजून सोडतील. आम्ही तिघंही इतके हसलो हिमानी, की मला वाटलं, चला, आजचा दिवस निभावला. आडूळला त्यानं आम्हाला उसाचा रस पाजला. त्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आपल्या गल्लीशी आलो तेव्हा साडेसहा झाले होते. तर नळाला पाणी सुटलेलं. सगळी गल्ली पाइप घेऊन बाहेर. काका लुंगीवर. पायजमा वाळला होता, पण डाग होता, वास होता. मला म्हणाले, मी उतरणार नाही. कडुबाला म्हणाले, एक चक्कर मार. बीड बायपासनं गेलो, वाळूजपर्यंत. परत आलो, गल्ली तशीच भरलेली. परत चक्कर. कुठं कुठं नवीन वसाहती झाल्यात, दिवे लागलेले बघत हिंडत होतो. कडुबाच्या बायकोचा फोन आला, पाणी कधी आणता म्हणून. तो म्हणाला, आज नाय भेटलं. अकराला गल्ली निजली, तेव्हा आम्ही उतरलो.

तुझं पत्र आलं, त्यात सीट धुण्याचं लिहिलेलं. त्यांनी तिथल्या तिथं कागद पुढं ओढला. मी म्हटलं, असं लिहू नका. तर म्हणाले, मग काय लिहू ते तू सांग. मला सांगता आलं नाही. आता वाटतं, सांगायला पाहिजे होतं, काहीही.

त्याला काढलं हे तुझ्या पत्रानं कळल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

तू शहाणी आहेस. काहीतरी कर, पण त्यांना कळू देऊ नकोस की मी तुला सांगितलं. माझी आठवण ठेव.

प्रमोदिनीकाकू

*

पुणे,
१८ जून २०१६

ती. काकूस सा. न.,

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडतेय.

मी त्या माणसाचं नाव घालून लिहिलं होतं, काकू. ‘असल्या चोरट्यांना कामावर ठेवू नका.’ काल ते काढून टाकलं. तीन आठवडे ते तिथं होतं, लोकांनी वाचलं. कितीजणांनी ते खाली दाखवतात, मी आकडा लिहीत नाही. आणि हे कशासाठी, तर आम्ही दोघी मैत्रिणी एका रविवारी जेवायला जाऊन तेवढे पैसे उडवतो. मला वाटलं मी तुमच्यासाठी लढतेय. तुम्हाला काय झालं होतं हे विचारलंच नाही, फक्त किती वाजता घरी आलात ते विचारलं.

कंपनीत फोन केला. म्हटलं, आमची चूक झाली, त्या ड्रायव्हरला परत घ्या. मालक म्हणाले, म्याडम, तक्रार लेखी आहे, सही साहेबांची आहे. चूक काय झाली ते साहेबांनी लेखी द्यावं. मी म्हटलं, मी पैसे परत भरते. म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही, चोरीचा आहे. चोराला मी गाडी कशी देऊ?

म्हणजे काकांनी खरं लिहिल्याशिवाय काही व्हायचं नाही. आणि काकांना ते लिही म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्या वयाला, त्यांच्या मानाला मी हे कसं सांगू? एकीकडे त्यांची लाज आहे आणि दुसरीकडे त्या माणसाची भाकरी. बँकेत मी दिवसभर लोकांना हे की ते असं विचारत असते. इथं मला कुठं खूण करायची ते कळत नाही.

हे पत्र काकांना दाखवू नकोस. फाडून टाक. आणि दोन घास खा.

तुझीच,
हिमानी

*

समर्थनगर, औरंगाबाद,
२४ जून २०१६

चि. हिमानीस आशीर्वाद.

तू प्रमोदिनीच्या नावे लिहिलेले पत्र मी फोडले. पस्तीस वर्षे कार्यालयाचे आवक टपाल मी फोडले, घरातही पाकिटावरचे नाव कधी पाहिले नाही. पहिली ओळ वाचल्यावर ठेवायला हवे होते. शेवटपर्यंत वाचले.

तिला रागावलो नाही. ती स्वयंपाकघरात होती, तिच्यासमोर पत्र ठेवले आणि मी बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. इतकेच.

मी असे का केले हे तुला कळायला हवे. तुझ्या पत्रात तीन बाबी होत्या. पहिल्या दोन वाचून मला काही वाटले नाही, तेवढे पैसे मी तुला गुपचूप पाठवले असते. तिसरी, सीट धुण्याची, वाचली आणि मला वाटले की तुला कळले. तू विनोद केला होतास, तरी मला तो कळूनच केलेला वाटला. खुलासा मागितला गेला की असा खुलासा द्यायचा की समोरच्याने पुन्हा विचारता कामा नये, हीच माझी आयुष्याची नोकरी. आसन भिजले हे नाकारता येत नव्हते, तेव्हा ते कशाने तरी भिजले पाहिजे. कॅनचा उल्लेख केल्याशिवाय मसुदा टिकत नव्हता. म्हणून केला. ज्या पाण्याने त्याने मला धुतले ते त्याच्यावर टाकले. लिहिताना मला त्याचा चेहरा आठवत नव्हता. वाक्य कसे बसते तेवढे दिसत होते.

तो खरे सांगेल असे मी धरून चाललो होतो. हेही कबूल करतो. तो सांगेल, मी नाकारीन, आणि एका चालकापेक्षा माझ्या शब्दाला वजन येईल, असा माझा हिशेब होता. तो बोललाच नाही.

परवा मी कंपनीच्या मालकांना दुसरे पत्र दिले. स्वतः क्रांती चौकात जाऊन, हातात. त्यात सगळे लिहिले. मूत्र हा शब्द लिहिला. कुठलीही शक्यता व्यक्त केली नाही. त्यांनी ते माझ्यासमोर वाचले, पाणी विचारले, आणि मी निघाल्यावर आत कुणीतरी मोठ्याने काही बोलले. मला ऐकू येत नाही याचा त्या दिवशी उपयोग झाला.

कडुबाचा पत्ता त्यांच्याकडून घेतला. त्याला पत्र टाकले आणि पगारातून कापलेले पैसे मनीऑर्डरने पाठवले. क्षमा मागितली. भेटायला जाणार होतो, पण वस्तीत मी त्याच्या दारात उभा राहिलो तर लोक त्यालाच विचारतील, म्हणून गेलो नाही. हे कारण खरे आहे की मला सोयीचे आहे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तू स्वतःला फार लावून घेऊ नकोस. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. तो ठेवण्याजोगा नव्हता.

मन मोठे ठेवून आम्हां दोघांना आपले म्हणत राहा.

श्रीधरकाका

*

जटवाडा रोड,
१० जुलै

साहेबांना कडुबाचा नमस्कार. काकूंना बी.

तुमचं पत्र भेटलं. मनीऑर्डर भेटली. पैसे ठेवून घेतले, ते महेच व्हते. मी सातवी शिकेल हाये, लिहायची सवय नाय, तवा चुकभूल माफ. पोरीकडून लिहून घेतलं नाय, ते कामून ते पुढं कळंल.

मी आता टँकरवर हाये. पगार कमी, पर रोज एक ड्रम पानी घरी भेटतं. बायको म्हनती हेच बरं. मालकानं परत बोलावलं व्हतं. मी नाय गेलो. तुमी जे दुसरं पत्र दिलं ना साहेब, ते त्यानं हापिसात सगळ्या डायवरांपुढं मोठ्यानं वाचलं. लई हसले. मी नव्हतो, फकिरानं सांगितलं, तो बी डायवर हाये तिथंच. मी एकेकाच्या घरी जाऊन त्यांना म्हनलो, हे बायका-पोरांत बोलायचं नाय. हो म्हनले. काय करत्यात बगू.

तुमी असं कामून केलं? मी ते झाकलं व्हतं. मही नोकरी गेली ती गेली. निदान ज्यासाठी गेली ते तरी झाकेल ऱ्हायलं पायजे व्हतं. आता दोन्ही गेलं.

तुमच्यावर राग हाये, खोटं कशाला बोलू. पैलं पत्र मालकानं फोटू काढून डायवरांच्या ग्रुपात टाकलं व्हतं. मी ते चार बार वाचलं. मला वाटलं खाली कुठं तरी लिहेल असंल की या मानसानं आपलं केलं बी. नाय भेटलं. मह्या बापाला शेवटी असंच व्हायचं. आमी तीन भाऊ. पाळी लावून धुवायचो. कुनाला त्याची लाज वाटली नाय, त्याला बी नाय. तुमाला येवढी लाज वाटती हे मला म्हाईतच नव्हतं. त्या दिवशी तर तुमी हसत व्हते.

आता काम सांगतो. मही पोरगी मोनिका, नववीला हाये. ग्रुपातला फोटू फकिराच्या पोरीनं बगितला आन् शाळेत सांगितलं. कॅनचोर म्हनत्यात तिला. ती मला इचारती, पप्पा, साहेब खोटं लिहितील का? मी म्हनतो नाय लिहिनार. मग तुमी चोरी केली का? म्हनतो नाय. मग ती बोलतच नाय मह्यासंगं. महिना झाला.

तुमी तिला पत्र लिवा. तुमचं छापील कागदावानी असतं, तिला पटंल. तिच्या बापानं चोरी केली नाय येवढंच लिवा. दुसरं कायबी लिवू नका. ते पान्याचं, सीटचं, लिंबाखालचं तिला कळायला नको. तिला सांगितलं तर ती तुमच्यावर हसंल, आन् मला ते चालनार नाय. हे आपल्यातच ऱ्हाऊ द्या.

मला परत पत्र नका टाकू. तिलाच टाका.

तब्येत सांभाळा. लांबच्या गावाला गेले तर डायवरला आधी सांगत जा, आमाला सवय असती.

कडुबा

*

समर्थनगर, औरंगाबाद,
१६ जुलै २०१६

चि. मोनिकास अनेक आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस. तुझ्या वडिलांवर चोरीचा आरोप करणारे पत्र ज्याने लिहिले तो मी.

ते पत्र खोटे होते. कॅन तुझ्या वडिलांचा होता, पाणी त्यांचे होते, त्यांनी ते कुणाचे घेतले नव्हते. कॅन सांडला नव्हता. त्या रात्री गाडी त्यांनी स्वतःच्या कामासाठी फिरविली नाही. मी सांगितले म्हणून आणि मी सांगितले तिकडेच ती गेली. या गोष्टी मला लिहिताना माहीत होत्या. म्हणजे ती माझी चूक नव्हती, खोटेपणा होता. या दोहोंतला फरक तुला नववीत नक्कीच कळत असेल.

मी खोटे का लिहिले हे तू विचारशील. ते मी सांगणार नाही, कारण न सांगण्याचे मी एका माणसाला कबूल केले आहे. तुझे वडीलही सांगणार नाहीत. मालकांनी विचारले तेव्हा एक वाक्य बोलून त्यांना नोकरी राखता आली असती. ते वाक्य मला लाज आणणारे होते, म्हणून ते बोलले नाहीत. मी त्यांचा कुणीही लागत नव्हतो.

साहेब खोटे लिहितील का, असे तू त्यांना विचारलेस. लिहितात. माझ्यासारखा, साठ वर्षे लेखणी धरलेला, देवधर्म करणारा माणूस खोटे लिहितो. यापुढे कुणाचेही लिहिलेले वाचलेस तर, कितीही नीट लिहिलेले असले तरी, ज्याच्याविषयी लिहिले आहे त्या माणसाला आधी विचार.

हे पत्र शाळेत ने. ज्या मुली तुला नावे ठेवतात त्यांना दाखव, बाईंना वाचायला दे. खाली माझा पूर्ण पत्ता लिहिला आहे. कुणाला खरे वाटले नाही तर त्यांना माझ्या घरी पाठव. चारचौघांत विचारले तरी मी हेच सांगेन.

पत्राच्या शेवटी लोभ मागायचा असतो. तुझ्याकडे तो मागण्याचा मला अधिकार नाही. आज संध्याकाळी वडील कामावरून आले की हे पत्र त्यांच्या हाती देण्याआधी त्यांच्याशी बोल. काहीही बोल. महिना फार झाला.

श्रीधर
३, नळाच्या गल्लीतले शेवटचे घर,
समर्थनगर, औरंगाबाद